बारावा दिवस

टेक्ससमध्ये सरकारी विद्यापीठांची शिरगणती
वर्ग सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी होते.
मराठीत बाराव्या दिवशी बारसं असतं,
नाहीतर बारावं.
ऑफेलियाला हे सांगितलं तेव्हा ती स्टेपलरमध्ये पिना भरत होती.
म्हणाली, म्हणजे तुमच्याकडेही यादी त्याच दिवशी पक्की होते.

ऑफेलिया त्रेविन्यो, नोंदणी विभाग, तळघर,
एकतीस वर्षं.
तिच्या खिडकीतून माणसं घोट्यापर्यंतच दिसतात.
ऑगस्टअखेर कोरे बूट गेले की
मान वर न करता सांगते, पहिल्या वर्षाचे.

अर्ज आले अठ्ठावन्न हजार दोनशे सहा.
होकार गेला एकोणचाळीस हजारांना, वर काही.
त्यातल्या अकरा हजारांनी अनामत भरली,
खोलीत खिळे ठोकता येतात का विचारलं,
आणि त्यातलेही सातशे चाळीस
जून ते ऑगस्टमध्ये कुठेतरी वितळले.
वितळणं हा माझा शब्द नाही. अहवालातला आहे,
ओळ नववी: उन्हाळी वितळण.
जणू पोरं म्हणजे सरबतातला बर्फ
आणि पेला कुणीतरी उन्हात विसरला.

बाराव्या दिवशी दुपारी तीनला फोन.
माणूस गॅसच्या टाक्या पोचवणारा ट्रक चालवतो,
आडनाव कुबेना, आवाजामागे इंजिन चालूच.
आमचा लॅम्बर्ट येतो ना तिकडे? वर्गात?
पैसे भरले म्हणाला होता. आता फोन उचलत नाही.

मुलगा तिथे शिकायला गेला की कायद्याने
बापाला एवढंही सांगता येत नाही.
ऑफेलियाने यादी वर सरकवली, खाली सरकवली.
कुबेना एक होती, ब्रियाना, नर्सिंगची.
लॅम्बर्ट नव्हता.
सर, मला हे सांगायची परवानगी नाही, ती म्हणाली.
मग फोन ठेवायचा सोडून तिने विचारलं,
तुमच्या पुलाजवळचा रस्ता झाला का दुरुस्त?
झाला, तो म्हणाला. एक बाजू.
दोघंही थोडा वेळ त्या एका बाजूवर थांबले.

पाच वाजता यादी गोठवतात.
उन्हाळ्यात वितळायचं, सप्टेंबरात गोठायचं,
आमच्या खात्याचं सगळं पाण्याच्या भाषेत चालतं.
एकूण डोकी एक्केचाळीस हजार तीनशे सत्त्याऐंशी.
गेल्या वर्षीपेक्षा बावन्न जास्त.
वरच्या मजल्यावर ‘विक्रमी’ हा शब्द
आधीच छापून ठेवला होता, आकडा तेवढा भरायचा होता.

काउंटीवार तक्त्यात एक नियम आहे:
पाचाहून कमी मुलं असतील तिथे आकडा लिहायचा नाही,
ओळखू येतात. चांदणी टाकायची.
सान फेर्मिन काउंटी, चांदणी.
ऑफेलिया तिथलीच.
नोकरीला लागल्यावर जुने अहवाल चाळताना
त्र्याऐंशी सालच्या पानावर तिला ती सापडली,
त्याच घरात, शाई जरा फुटलेली.
तिला वाटलं, चुकलेल्या गणितापुढे मास्तर करतात
तसली काहीतरी खूण असणार.
आईला मात्र तिने पत्रात लिहिलं, मी छापून आलेय.

तेरावा दिवस. सकाळी आठ. खिडकीत जुने बूट.
मग त्याच बुटांतला मुलगा काउंटरवर,
हातात मनीऑर्डर, तीनशे बारा डॉलर,
कडा घामाने मऊ झालेल्या.
लॅम्बर्ट कुबेना.
काल बंद झालं, ऑफेलिया म्हणाली.
पण मी रोज बसतोय, तो म्हणाला. रसायनशास्त्र,
तीनशे खुर्च्यांचा हॉल, मागून दुसरी रांग.
वहीसुद्धा आहे.
आणि त्याने खरंच वही काढली.
बारा तारखा, बारा पानं,
मूलद्रव्यांचा तक्ता पट्टीशिवाय आखलेला,
एकही घर रिकामं नाही.

एक्केचाळीस हजार तीनशे सत्त्याऐंशी
आणि खिजगणतीत नसलेला एक.

उशिराच्या नोंदणीचा अर्ज पिवळा असतो.
तीन सह्या लागतात, तिसरी सहसा मिळत नाही.
ऑफेलियाने तो त्याच्यापुढे सरकवला,
वर पेन ठेवलं, पेन परत उचललं,
टेबलावरचा फोन त्याच्याकडे वळवला.
आधी हा, म्हणाली.